पाच नंबरचा रकाना

काका टेबलावर बसले की कुणाशी बोलत नाहीत. टेबल म्हणजे कोर्टाच्या कडेचं, स्कोअरर आणि टायमरचं. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या-चौथ्याला निळं. दोन पॉइंटांची बास्केट झाली की आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रो गेला की ठसठशीत टिंब, तीन पॉइंटांची असेल तर मारणाऱ्याच्या नंबराभोवती गोल. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, पण अक्षर असं की शीट फ्रेम करून लावावी.

त्या दिवशी आंतरमहाविद्यालयीन सामना होता. मी शेजारी घड्याळ सांभाळत होतो. सामना संपला, आणि जिंकलेल्या संघाचा नऊ नंबर घाम पुसायच्याही आधी टेबलाशी हजर.

“काका, माझे किती झाले?”

काकांनी शीट त्याच्याकडे फिरवली. धावत्या स्कोअरच्या रकान्यात नऊ, नऊ, परत नऊ. संघाचे निम्म्याहून जास्त पॉइंट त्या पोराचे. त्यानं मोबाइलवर फोटो काढला, मग दुसरा काढला, कारण पहिल्यात काकांचा अंगठा आला होता.

“अजून जरा वेळ मिळाला असता ना काका, तर... अमेरिकेत एका कॉलेजच्या पोरानं एका मॅचमध्ये 138 मारलेत, माहितीये?”

“जॅक टेलर. ग्रिनेल कॉलेज, आयोवा. नोव्हेंबर 2012,” काका पेनाला टोपण लावत म्हणाले. पोराचा चेहरा पडला. त्याला वाटलं होतं, म्हाताऱ्याला कुठलं ठाऊक असणार! “36 मिनिटांत 108 शॉट घेतले त्यानं, 52 गेले. आणि असिस्ट?”

“किती?”

“शून्य.”

पोरगा हसला. “स्वार्थी होता म्हणजे.”

“तसं मी म्हटलं का? बॉल त्यालाच द्यायचा, हे त्या दिवशी सगळ्या संघानं मनावर घेतलं होतं. 108 वेळा बॉल त्याच्या हातात आला, तो काय आभाळातून पडला?”

काकांनी खिशातून एक छोटी वही काढली. ती मी आधीही पाहिली होती, पण हिशेबाची असेल म्हणून कधी विचारलं नव्हतं. आत नुसते पेन्सिलीचे आकडे आणि उभ्या रेघा. आपल्याकडच्या स्कोअरशीटवर पॉइंट असतात, फाउल असतात, टाइमआउट असतात; बास्केटचा पास कुणी दिला, म्हणजे असिस्ट, याला रकानाच नाही. मग काका तो स्वतःच्या वहीत पाडतात. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. कुणी मागत नाही, कुणी बघत नाही.

“हे बघ. तुझ्या बास्केटांच्या शेजारी मी पास देणाऱ्याचा नंबर लिहिलाय.”

पाच. पाच. अकरा. पाच. पाच. पुढचं पानही तसंच.

“आता तुला एका जुन्या मॅचचा कागद सांगतो. 26 मार्च 1973, सेंट लुईस. अमेरिकेच्या कॉलेजांची फायनल, यूसीएलए आणि मेम्फिस स्टेट. हाफटाइमला 39-39. शेवटी 87-66. यूसीएलएचा सेंटर बिल वॉल्टन, 22 शॉट घेतले, 21 गेले. एकूण 44 पॉइंट. तीनेक मिनिटं उरली असताना घोटा मुरगळून बाहेर गेला, तेव्हा ही गत.”

“बावीसातले एकवीस!” पोरगा टेबलावर टेकला.

“त्या वर्षांत कॉलेजच्या खेळात डंकला बंदी होती. 1967 ला घातली, 1976 ला उठवली. म्हणजे रिंगच्या वर बॉल झेलायचा आणि वरून ठोसायचा नाही, अलगद आत सोडायचा. आता विचार कर, तिथं, त्या उंचीवर, तेवढ्याच क्षणाला बॉल कोण नेऊन ठेवत होतं? ग्रेग ली. त्याच्या नावापुढे बघ. एकच शॉट, तो गेला. तीन फ्री थ्रो, तिन्ही गेले. पाच पॉइंट. फ्री थ्रो सोडले तर अख्ख्या फायनलमध्ये पठ्ठ्यानं एकदाच रिंगकडे मारलं! आणि असिस्ट 14. दुसरा गार्ड हॉलीफील्ड, त्याचे 9. संघाच्या 40 बास्केटांपैकी 23 या दोघांच्या हातून निघालेल्या.”

काका थांबले. मग हळूच म्हणाले, “आणि वॉल्टनचे फ्री थ्रो ठाऊक आहेत? पाचातले दोन.”

पोराला कळलं नाही. मलाही क्षण लागला. फ्री थ्रोच्या रेषेवर माणूस एकटा असतो. तिथं पास द्यायला कुणी नसतं. आता एवढ्यावरून एवढं काढायचं का, हा प्रश्न आहेच. पाच फ्री थ्रो म्हणजे काही पुरावा नव्हे. वॉल्टनचे 13 रिबाउंडही कुणी त्याला आणून दिले नव्हते. पण काकांनी ते असं सांगितलं की वाद घालावासा वाटला नाही.

पोरानं मोबाइल खिशात घातला. थोडा वेळ वहीकडे बघत राहिला. पानाच्या कडेला कोपरा दुमडला होता, तो त्यानं नखानं सरळ केला.

“मग मी काय करायचं? जाऊन थँक्यू म्हणू? सगळे हसतील काका.”

“वॉल्टनच्या कोचचा, जॉन वुडनचा, एक नियम होता. बास्केट झाली की आधी पास देणाऱ्याकडे बघायचं. बोट दाखव, मान हलव, डोळा मिचकाव, काहीही कर. भाषण नको.”

“आणि मी बघितलं, पण तो दुसरीकडेच बघत असला तर?”

काका एकदम खुलले. इतक्या वर्षांत टेबलावर त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

“अगदी हेच वुडनला त्याच्या एका खेळाडूनं विचारलं होतं, बाळा.”

“मग?”

“वुडन म्हणाला, तो बघत असेलच.”

नऊ नंबरनं मान वळवली. पलीकडच्या बाकापाशी सगळ्यांचा सेल्फी चालला होता. पाच नंबर त्यात नव्हता. तो खाली बसून रिकाम्या बाटल्या पिशवीत भरत होता. हात पिशवीत होते, नजर टेबलाकडे.