रोषाचे कारण शोधा



बलाढ्य राष्ट्राविषयी परक्या जनतेच्या मनात रोष का असतो? "आमच्या वैभवाचा त्यांना हेवा वाटतो," असे बलाढ्यांचे उत्तर असते. पण दुःखाचे कारण शोधावे, ही भगवान बुद्धांची शिकवण आहे. म्हणून कारण पाहू या.

लाओस हा बहुसंख्य बौद्धांचा लहानसा, गरीब देश. शेजारच्या व्हिएतनाममधील शत्रूची रसद तोडण्यासाठी आणि लाओसमधील कम्युनिस्टांना दडपण्यासाठी अमेरिकेने १९६४ ते १९७३ या काळात या देशावर २० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. युद्ध कधी जाहीरही केले नाही. चेंडूएवढ्या छोट्या बॉम्बांपैकी अंदाजे ३० टक्के तेव्हा फुटलेच नाहीत. ते आजही शेतांत पडून आहेत. कुदळ लागली, मुलाने खेळणे समजून उचलला, की फुटतात. २०१६ साली अध्यक्ष ओबामा तेथे गेले, सफाईसाठी ९ कोटी डॉलर देऊ केले. क्षमा मात्र मागितली नाही.

आता तुम्हीच सांगा, मूल गमावलेल्या आईचा रोष हा हेवा आहे काय? घाव घालणाऱ्यानेच "झाले गेले विसरा" म्हणावे, हा उपदेश किती पोकळ असतो, ते आपल्या वाडवडिलांनी भोगले आहे.

तरीही रोष कृत्यावर असावा, माणसांवर नसावा. १९६९ साली व्हिएतनाम युद्धाविरुद्ध अमेरिकेतच लाखो लोक रस्त्यावर उतरले होते. अन्याय पाहून गप्प बसणे ही मैत्री नाही. अन्यायाला अन्याय म्हणावे, पण वैर धरू नये. आपल्या मुलांना एवढे अवश्य शिकवा.

जय भीम!