मृताच्या सहीला साक्ष

माणूस गेल्यावर सात पुरे दिवस उलटल्याखेरीज त्याच्या मृत्युपत्राचे प्रोबेट, म्हणजे ते खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, देऊ नये, आणि प्रशासनपत्र द्यायचे असेल तर चौदा दिवस थांबावे, असे भारतीय उत्तराधिकार कायद्याचे २९३वे कलम सांगते. १९२५चा हा कायदा विलायती रीतीतून आलेला. त्याला ना दहाव्याचा कावळा ठाऊक, ना तेराव्याचे गोड जेवण. तरी सुतकासारखी एक मुदत त्यालाही घालावीशी वाटली. धारवाडात ती कोणाच्या आड आल्याचे ऐकिवात नाही. आपल्या घरांत तेरावे होईपर्यंत कपाटाच्या किल्ल्या कोणी मागत नाही, निदान मोठ्याने नाही. पुढचे सगळे सावकाश चालते: जिल्हा न्यायालयात अर्ज, साक्षीदाराचे म्हणणे, जवळच्या वारसांना नोटिसा, वर्तमानपत्रात जाहीर सूचना. एखाद्या पुतण्याने कॅव्हेट घातले की अर्जाचा रीतसर दावा होतो आणि मग वर्षे मोजण्यात अर्थ उरत नाही.

एवढ्या खटाटोपात न्यायालय विचारते एकच. घर कोणाचे, वडिलोपार्जित किती, स्वकष्टाचे किती, हे प्रोबेट देणाऱ्या न्यायाधीशापुढचे प्रश्नच नव्हेत. हा कागद त्या माणसाचाच का, शुद्धीवर असताना, समजून-उमजून केलेला का, इतकेच त्याने पाहायचे. मालकीचा तंटा असेल तर त्याला वेगळा दावा. प्रोबेट मिळाले म्हणजे घर मिळाले, ही समजूत हुबळीच्या बाजारात जितकी पक्की तितकीच पुण्याच्या सदाशिव पेठेत.

धारवाडच्या हिंदूला इथल्या मिळकतीसाठी हा प्रश्न न्यायालयाकडून विचारून घेण्याची सक्ती मात्र कधीच नव्हती. १८७०च्या हिंदू विल्स कायद्याने बंगालचा मुलूख आणि मुंबई व मद्रास या शहरांची हद्द एवढ्यापुरतीच इंग्रजी मृत्युपत्राची शिस्त हिंदूंना लावली. धारवाड मुंबई इलाख्यात होते, मुंबईत नव्हते. इथे १९२६ संपेपर्यंत हिंदूचे तोंडी मृत्युपत्रसुद्धा चालत असे. १ जानेवारी १९२७पासून लेख, सही आणि दोन साक्षीदार आवश्यक झाले; प्रोबेटची सक्ती त्यानंतरही आली नाही. म्हणून एकाच मृत्युपत्रातल्या धारवाडच्या माळमड्डीतल्या घराला प्रोबेट नको आणि मुंबईच्या गिरगावातल्या खोलीला हवे, असा प्रकार चालत आला. २०२५च्या डिसेंबरात संसदेने उत्तराधिकार कायद्याचे ही सक्ती करणारे २१३वे कलमच काढून टाकले, तेव्हा हा भेद संपला. मला तो नुसता गैरसोयीचा कधी वाटला नाही. त्याच्या मुळाशी राज्यकर्त्यांचा एक अंदाज असावा: शहरात माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, तिथे मेलेल्याची सही तपासायला न्यायालय लागते; मुफसलात ते काम भाऊबंद, शेजारी आणि कुलकर्ण्याचे दप्तर करते.

पण असा भरवसा टाकण्याच्या कितीतरी आधी सरकारने याच मुलखात नेमके उलटे केले होते. सप्टेंबर १८२४मध्ये कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्र सर्ज निपुत्रिक वारले. जाण्याआधी त्यांनी दत्तक घेतल्याचे कागद धारवाडचा कलेक्टर थॅकरे याच्यापुढे आले. त्याला संशय आला. दत्तविधान देसायांच्या हयातीत झालेच नाही, असे त्याने ठरवले. मग खजिन्याला सील, वाड्यावर चौकी, आणि २३ ऑक्टोबरला कित्तूरच्या किल्ल्यापुढे थॅकरेचा अंत. राणी चन्नम्मांची ही लढाई स्वातंत्र्याच्या इतिहासात आरंभी येते आणि तो मान तिचाच आहे. तरी वादाचे मूळ पाहिले तर तो शुद्ध प्रोबेटचा प्रश्न: मरणाऱ्याने हे खरेच केले का? फक्त इथे संशय घेणारा, चौकशी करणारा आणि वारस नाही म्हणताच दौलत ज्याच्या घशात जायची तो, तिघे एकच होते.

कोणाच्या लाभाकडे संशयाने पाहावे, हे भारतीय न्यायालयांना ज्यांनी नीट सांगितले ते न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर. घराणे मूळचे गजेंद्रगडचे, जे आज गदग जिल्ह्यात आहे, जन्म साताऱ्याचा, कॉलेजची पहिली वर्षे धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात. वकिलीच्या काळात त्यांनी ‘दत्तकमीमांसा’ संपादित केली होती, हा योगायोगही लक्षात ठेवण्यासारखा. १९५८च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात त्यांच्यापुढे जुन्या म्हैसूर राज्यातल्या एका बाईचे मृत्युपत्र आले. ते सादर करणाऱ्यानेच ते करवून घेण्यात पुढाकार घेतला होता आणि त्याच्या मुलांचा त्यात फायदा होता. बाकीचे कागद लिहिणाऱ्याला कठड्यात उभे करता येते, मृत्युपत्राचा कर्ता मात्र हे माझे किंवा माझे नव्हे असे सांगायला येऊ शकत नाही. म्हणून ज्याचा लाभ आहे त्यानेच आधी न्यायालयाच्या मनातला संशय फेडावा, असा त्या निकालाचा आशय आहे. बाईचे मृत्युपत्र टिकले नाही. कित्तूरच्या प्रकरणाला ही कसोटी लावली असती तर संशय फेडण्याची पाळी कलेक्टरवर आली असती.

मुळात मृत्युपत्र आपल्या धर्मशास्त्राला परके. गुजरातेत आणि मुंबई बेटावर नीलकंठ भट्टांच्या व्यवहारमयूखाला मान, धारवाडकडे मिताक्षरा श्रेष्ठ. आणि मिताक्षरा तर याच मातीतली, कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या पदरी असलेल्या विज्ञानेश्वराची. तिच्या हिशेबी मुलगा जन्मताच बापाच्या बरोबरीचा भागीदार होतो. एकत्र कुटुंबातला वाटा बापाने मरताना कोणाला लिहून द्यावा, असा त्याचा एकट्याचा नव्हताच. ती मुभा हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या ३०व्या कलमाने दिली, १७ जून १९५६ला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. या दोन तारखांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. तो धारवाडच्या मराठी घरांत जुळला.

राहते घर धारवाडात, तुकडाभर जमीन बेळगावकडे, पुण्यात एक ब्लॉक, ठेवी दोन्हीकडे, असा इथल्या अनेक मराठी घरांचा पसारा असतो. जिल्हा न्यायाधीशाने दिलेले प्रोबेट त्याच्या राज्यभर चालते. राज्याबाहेर ते आपोआप चालावे तर बाहेरची मालमत्ता दहा हजार रुपयांच्या आत हवी. ३१ ऑक्टोबर १९५६ला धारवाडच्या प्रोबेटला पुणे घरचेच होते; दुसऱ्या दिवशी ते परराज्य झाले. दहा हजारांत आज पुण्यात ब्लॉकचे महिन्याचे भाडेही भागत नाही, पण आकडा आहे तिथेच आहे. सीमावादावर लिहिलेल्या ढीगभर पुस्तकांत ही अट कुठे भेटली नाही. भाषा, शाळा, पाट्या यांवर आपण तावातावाने बोललो. बापाचा कागद सरहद्दीवर अडतो, हे ज्याच्या त्याच्या वकिलालाच ठाऊक.

भांडण नसेल तर लोक न्यायालयाची पायरी चढत नाहीत. नाडकचेरीतून वंशावळ, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर वारसांची नावे, महापालिकेत खाते बदलणे, बहिणींकडून हक्कसोडपत्र; ठेवी आणि शेअर यांच्यासाठी फार तर वारस प्रमाणपत्र. बहिणींचे हक्कसोडपत्र प्रेमाने होते असे सगळे भाऊ सांगतात. कर्नाटकाने १९९४मध्येच, देशाच्या अकरा वर्षे आधी, मुलींना एकत्र कुटुंबात जन्मसिद्ध वाटा दिला, आणि त्याला वळसा घालायला मृत्युपत्र किती सोयीचे हे घराघरांतल्या वडीलधाऱ्यांना कळायला वेळ लागला नाही. बापाला मुभा देणारे ३०वे कलम आणि मुलीला वाटा देणारी दुरुस्ती एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत.

साक्षीला माणसे निवडताना आपण मान पाहतो: जुने हेडमास्तर, घरचे डॉक्टर, मठातले कोणी वडील. सगळी मृत्युपत्र करणाऱ्याच्या वयाची किंवा त्याहून थोर. न्यायालयाला हवा असतो एक जिवंत साक्षीदार. दोघेही गेले असतील तर त्यांच्यापैकी एकाचे अक्षर आणि करणाऱ्याची सही ओळखणारे कोणी शोधावे लागते. तीस वर्षांचा जुना कागद खरा धरण्याची जी सवलत खरेदीखताला मिळते ती मृत्युपत्राला नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये स्पष्ट केले. म्हणजे आजोबांच्या वळणदार मोडी सहीसाठी पुन्हा तोच शेजारी शोधायचा, ज्याच्या भरवशावर १८७०च्या कायद्याने धारवाडला मोकळे सोडले होते. तो आता मुलीकडे बंगळुरूला राहतो, आणि त्याला मोडी वाचता येत नाही.