आधी वहिनीला विचार

वर्धा

चि. बंडू यास अनेक आशीर्वाद.

तू अमेरिकेचा नागरिक झालास आणि आता आई-बाबांना कायमचं तिकडे नेतोस, हे दादाने काल फोनवर सांगितलं. आवाजात आनंद मावत नव्हता. वहिनी मात्र मागून काही बोलली नाही, म्हणून हे पत्र. सगळी नोकरी तहसीलच्या अभिलेख कक्षात गेल्यामुळे कागदांचं मला थोडं कळतं. या कामाचं घोडं वॉशिंग्टनपेक्षा आर्वीतच जास्त अडणार आहे.

तुझ्या बाजूचं आधी उरकतो. एकवीस वर्षांवरच्या नागरिकाने आई-वडिलांसाठी अर्ज केला तर त्याला वार्षिक कोटा लागू नाही. तपासणीला लागेल तेवढाच वेळ. आय-130 अर्ज मात्र दोघांचे दोन वेगळे भरायचे, आणि त्यावर तुझी धाकटी बहीण जाऊ शकत नाही. दादाला वाटतंय की जाते. तिच्यासाठी भावंडांच्या वर्गात निराळा अर्ज करता येतो. पण त्या वर्गाला जगभर मिळून वर्षाला 65,000 व्हिसा, आणि भारतीयांत सध्या 2006 च्या सुमाराला अर्ज केलेल्यांचा नंबर लागतोय. टाकायचा तर टाक, पण पोरीला आशेवर ठेवू नकोस.

आय-864 हे हमीपत्र शांतपणे वाच. तू, सूनबाई, नातू आणि हे दोघे अशी पाच माणसं धरून, तिथल्या दारिद्र्यरेषेच्या 125 टक्के तरी तुझं उत्पन्न दिसलं पाहिजे. कमी पडलं तर दुसरा हमीदार चालतो. पण एखाद्या मित्राची सही घेणार असशील तर त्याला स्पष्ट सांग, की हे पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहण्यासारखं आहे. आई-बाबा नागरिक होईपर्यंत, किंवा त्यांच्या नावावर चाळीस तिमाह्यांचं काम जमा होईपर्यंत, किंवा ते देश कायमचा सोडेपर्यंत हमी सुटत नाही. सत्तरीतला दादा कुठल्या चाळीस तिमाह्या भरणार?

आता आर्वी. दादाचा जन्म 1952 चा. नगर परिषदेत नोंद सापडली तर उत्तम. नाही तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यायचा आणि त्याला शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल आणि वडीलधाऱ्यांची शपथपत्रं जोडायची. कोतवाल बुकाची नक्कलही मी काढून पाहीन, पण तिच्यात बापाचं नाव आणि ‘मुलगा’ एवढंच निघालं तर ती नुसती जोड म्हणून. दादाच्या शाळेच्या जुन्या कागदावर जन्मस्थान ‘जि. वर्धा, मध्यप्रदेश’ असं आहे. ती चूक नाही. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आपण त्याच राज्यात होतो. एखादा एजंट ‘दुरुस्त करून देतो’ म्हणेल, त्याला हात लावू देऊ नकोस. खाडाखोड केलेला खरा कागद खोट्याहून वाईट.

खरी गुंतागुंत वहिनीची आहे. टी.सी.वर ‘कु. कमल’. लग्नात आपल्याकडे नाव बदललं, मीनाक्षी झाली. तुझ्या जन्मदाखल्यावर आई मीनाक्षी, पासपोर्टवरही मीनाक्षी. मुंबईच्या मुलाखतीत बसलेल्या अधिकाऱ्याने कमल आणि मीनाक्षी एकच हे कशावरून मानायचं? दादा-वहिनीच्या लग्नाची नोंदच झालेली नाही. 1998 च्या कायद्याखाली उशिरा का होईना ती करता येते, फक्त लग्नाला हजर असलेले साक्षीदार लागतात. त्यांतले आता मोजकेच उरलेत, म्हणून हे काम सगळ्यात आधी. दोन्ही नावांचं शपथपत्र त्यासोबतच करून घेऊ. मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं लागतील. पोलीस दाखला नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयातून मिळतो, त्याची चिंता नाही.

मुलाखतीत उलटसुलट विचारलं तर दादाने चिडू नये, हे त्याला तू समजाव, माझं तो ऐकत नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर पक्षातले क्रांतिकारक, पुढे मेक्सिकोत नावाजलेले शेतीशास्त्रज्ञ. स्वातंत्र्यानंतर त्यांना मायदेशी यायचं होतं, तर इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव म्हणून आपल्याच सरकारने आधी त्यांना व्हिसा नाकारला होता. आपण कोण?

‘टुरिस्ट व्हिसावर आणा आणि तिथेच अर्ज टाका’ असा सल्ला तुला मिळाला असेलच. मुक्कामाचा बेत ठरवून फिरायला आलो म्हणणं म्हणजे अधिकाऱ्याशी खोटं बोलणं. तो ठपका बसला की पुढे काही मिळणं मुश्कील. आणि आय-130 दाखल झाल्यावर साधा टुरिस्ट व्हिसा मिळणंही अवघड होतं, हेही धरून चाल.

म्हणून आधी वहिनीशी बोल. दादाला फोन देऊ नकोस, तिच्या एकटीशी बोल. ग्रीन कार्ड तिथे राहणाऱ्यासाठी असतं. आगाऊ परवाना न घेता वर्षाहून जास्त बाहेर राहिलं तर ते धोक्यात येतं, सहा महिन्यांनंतरही प्रश्न विचारतात. पासष्टीच्या पुढच्यांना पैसे भरून मेडिकेअर घ्यायलाही आधी पाच वर्षं तिथे सलग राहावं लागतं; तोवर विमा तुझ्या खिशातून. बँकेतल्या ठेवींचं व्याज अमेरिकेच्या करविवरणात दाखवावं लागेल, आणि इथल्या सगळ्या खात्यांत मिळून 10,000 डॉलरवर रक्कम गेली की त्याची दरवर्षी वेगळी माहिती द्यावी लागेल. शेत राहतं, ते कोणी घेत नाही. पण अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि दादाचा डोळा धुऱ्याला लागून असलेल्या तुकड्यावर आहे, हे तुला त्याने सांगितलं नसणार.

सोयाबीन काढून झालं की जायचं आणि पेरणीला परत यायचं, असं तिच्या मनात असेल तर टुरिस्ट व्हिसाच बरा. मला तरी तसंच वाटतंय.

ती हो म्हणाली तर लगेच कळव. मग दाखल-खारीजच्या नकलेचा अर्ज मी स्वतः आर्वीला जाऊन देतो. सध्याचे हेडमास्तर ओळखीचे आहेत, त्यांची बदली व्हायच्या आत काम झालेलं बरं. तुझ्या जन्मदाखल्याची आणि नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची स्कॅन मात्र आजच पाठव. दोन्हींवर तुझं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का, ते मला बघायचं आहे.

तुझा,
काका