घर बंद होते

पैशांच्या एका दाव्यात प्रतिवादीच्या हाती समन्स न पडताच एकतर्फी हुकूमनामा झाला; ती हकीकत तुम्हीही वाचली असेल, बाकी पुन्हा सांगत बसत नाही. मी अडकलो समन्स घेऊन गेलेल्या बेलिफाच्या शेऱ्यापाशी: 'घर बंद होते.' खाली दिवस आणि महिना. वर्ष नाही. (वर्ष न लिहिणाऱ्यांवर याच जागी मी तीनदा चिडलो आहे. हे चौथं.)

घर बंद होते! अहो, सकाळी साडेअकराला नवरा-बायको नोकरीवर, पोरं शाळेत, तर घर उघडं कुणासाठी ठेवायचं, चोरांसाठी? खेपा तीन, तिन्ही कामाच्या दिवशी, तिन्ही साडेअकराच्या. रविवारी रात्री त्याच घरातल्या कुकरच्या शिट्ट्या जिन्यापर्यंत ऐकू येत असतील, पण तेव्हा कोण जातो! बरं, कुलूप बाहेरून होतं की कडी आतून? बेल वाजवली होती? (आरती म्हणणाऱ्या बेला मला सोसत नाहीत, पण समन्स हातात असताना तीही दाबावी.) समोरच्या काकूंना विचारलं असतं, तर माणूस किती वाजता परततो हेच काय, येताना कुठली भाजी आणतो तेही कळलं असतं.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश ५, नियम १७ काही डोंगर उचलायला सांगत नाही. रीतसर शोध घ्या, माणूस वाजवी वेळात भेटेलसं दिसत नसेल तर समन्स दाराला चिकटवा, आणि कुठल्या परिस्थितीत चिकटवलं, घर कुणी दाखवलं, त्याचं नाव-पत्ता काय, ते लिहा. एखाद्याच्या पाठीमागे निकाल लागणार असेल, तर त्याला आधी हाक मारली होती हे दाखवता यायला नको?

'पत्ता अपुरा', 'साहेब बाहेरगावी' वगैरे शेरे सोडून देतो. त्यात निदान कुणाशी तरी बोलल्याचा वास येतो.

दडून बसणारे बिलंदर असतात, कबूल. २०१८ मध्ये अशाच एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेली नोटीस पोचली आणि उघडलीही गेली, हे फोनवरच्या खुणांवरून मान्य केलं. फोन वेळ टिपतो, वर्षासकट. आणि वादी? ज्याच्याकडून पैसे यायचे, त्याचं घर कधी उघडं असतं हे त्याला ठाऊक नसतं होय? पण 'सापडला नाही' हेच कधीकधी सोयीचं पडतं.

बेलिफाला तरी किती बोलायचं! हातात गठ्ठा, लिफ्ट नाही, चौथा मजला. मलाही खालूनच घर बंद दिसलं असतं. वर्ष मात्र लिहिलं असतं.