गोरोबाकाकांची परीक्षा आणि पाचवीची शिष्यवृत्ती



तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली, ही कथा आपण कीर्तनात इतक्यांदा ऐकली आहे की तिच्यातली परीक्षा आता परीक्षा वाटेनाशी झाली आहे. मुक्ताबाईंनी थापटणे पाहिले आणि विचारले, काका, हे कशासाठी? मडके पक्के की कच्चे ते कळावे म्हणून. मग आमचीही मडकी पाहा ना! काका उठले आणि एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत निघाले. सगळे गप्प बसले. नामदेवराय मात्र रागावले, आणि काकांनी निकाल सांगितला : एवढे एक मडके कच्चे आहे.

कीर्तनकार इथे अहंकारावर बोलतात, ते योग्यच आहे. पण माझे आयुष्य प्राथमिक शाळेच्या फळ्यासमोर गेले, त्यामुळे माझे लक्ष निकालाच्या पुढे काय झाले तिकडे जाते. नामदेवराय पंढरीला जाऊन देवापुढे रडले. देवाने त्यांची समजूत घातली नाही, की काकांना दोषही दिला नाही. औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे जा, एवढे सांगितले. म्हणजे ज्याचे मडके कच्चे निघाले त्याला शिक्षक मिळाला. निकाल लागला आणि शिकवणे तिथून सुरू झाले. पुढे हेच कच्चे मडके पंजाबात घुमानपर्यंत गेले, आणि त्यांची ६१ पदे आज गुरु ग्रंथसाहिबात आहेत.

आपल्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीत दर वर्षी अशी एक परीक्षा होते. पुण्याची राज्य परीक्षा परिषद ती घेते. तिला आपण नुसते ‘स्कॉलरशिप’ म्हणतो. पूर्वी ती चौथी-सातवीला असे, २०१७पासून पाचवी-आठवीला घेतली जाऊ लागली. दोन पेपर, दीडशे-दीडशे गुणांचे. पहिल्यात भाषा व गणित, दुसऱ्यात इंग्रजी व बुद्धिमत्ता. वर्गातली हुशार मुले हेरायची आणि दिवाळीनंतर शाळा सुटल्यावर त्यांचे जादा तास घ्यायचे, हे मराठी शाळांनी पिढ्यान् पिढ्या केले आहे. कित्येक शिक्षकांनी त्यासाठी एक पैसा घेतला नाही, कित्येकांनी स्वतःच्या खिशातून मुलांना बटाटेवडे खाऊ घातले. त्या कष्टांना माझा दंडवत आहे. आणि परीक्षा नको असेही माझे म्हणणे नाही. गरीब घरातल्या पोराला आपल्यात काही आहे हे पहिल्यांदा कळते ते पुष्कळदा या परीक्षेमुळेच.

प्रश्न निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. यादी लागते, चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर मुलाचा फोटो लहान आणि शुभेच्छुकांचे मोठे असतात. सत्कार, गुलाबाचे फूल, कंपासपेटी. जूनमध्ये तेच मूल सहावीच्या बाकावर बसते आणि पहिल्या तासाला त्याला जे येत होते तेच पुन्हा शिकवले जाते. यादीत नाव न आलेले मूलही त्याच बाकावर असते, फक्त आता त्याला आपण कच्चे मडके आहोत हे कळलेले असते. दोघांपैकी एकालाही विसोबा भेटत नाहीत.

हुशार मूल आपले आपण शिकते, त्याला कशाला मदत, असे पालकही म्हणतात आणि शिक्षकही. वर्गात उभे राहून पाहिले म्हणजे कळते. फळ्यावर दहा उदाहरणे घातली की असे मूल पाच-सात मिनिटांत वही मिटते. मग उरलेला अर्धा तास ते काय करते? शेजाऱ्याची पेन्सिल ओढते, खिडकीबाहेर पाहते. शिक्षक म्हणतात हाताची घडी घाल. वर्षानुवर्षे हाताची घडी घालून बसलेले मूल आणखी एक गोष्ट शिकते, की मेहनत न करताही पहिले येता येते. पुढे आठवी-नववीत खरोखर अवघड काही समोर आले की त्याला बसून झगडण्याची सवयच नसते, आणि लोक म्हणतात, लहानपणी किती हुशार होता हो!

काही शाळा अशा मुलाला मॉनिटर करतात, नाहीतर मागे पडलेल्यांना शिकवायला बसवतात. हे ऐकायला आपल्या सांप्रदायिक कानांना फार गोड लागते. सेवा आहे, ज्ञानदान आहे. थोडे असेल तर चांगलेच आहे, समजावून सांगताना आपल्यालाही नीट समजते. पण आठ वर्षांच्या मुलाला रोज फुकटचा मदतनीस करून ठेवायचे आणि त्याला स्वतःला नवे काहीच द्यायचे नाही, याला सेवा म्हणू नये. त्या दिव्यात तेल कोण घालणार?

इथे एखादे माळकरी बंधू विचारतील, आणि विचारावेच. आपण वारीत लहानथोर सगळे एकमेकांच्या पाया पडतो, सगळ्यांना माऊली म्हणतो. मग शाळेत एका पोराला जास्त आणि दुसऱ्याला कमी, हे आपल्या समतेत कसे बसते? आपल्या संतांना ज्या ‘अधिकारा’ने छळले तोच अधिकार पुन्हा गुणांच्या रूपाने आणायचा का? प्रश्न खरा आहे. चोखोबांना महाद्वाराबाहेर ठेवणारेही अधिकाराचीच भाषा बोलत होते. तेव्हा तो जन्मावर ठरत होता. आज बुद्धिमत्तेच्या पेपरावर ठरला तर फार मोठी सुधारणा झाली असे मी मानणार नाही, कारण त्या पेपराची तयारी करायलाही घरात टेबल, दिवा आणि वेळ असलेले आईबाप लागतात.

पण दिंडीत पाहा. मृदंग सगळ्यांच्या गळ्यात नसतो. ज्याच्या हातात लय आहे त्याच्या गळ्यात तो पडतो, इतरांच्या हाती टाळ, कुणाकडे पताका, कुणा माऊलीच्या डोक्यावर तुळस. यात कुणाला कमी दिले असे वाटत नाही, कारण चाल सगळ्यांची एक आहे. रिंगणात माऊलींचा अश्व धावतो तेव्हा त्याला कुणी रांगेत चाल म्हणत नाही. धावण्यासाठीच त्याला मधली जागा मोकळी करून दिलेली असते, आणि ती जागा दिंड्यांनीच कडे करून राखलेली असते. रिंगण झाले की तोही पालखीबरोबर पुढे चालू लागतो. समतेचा अर्थ सगळ्यांना एकच उदाहरण घालणे असा आपल्या वारीने तरी कधी केलेला नाही.

एक मात्र सांगतो. पस्तीस मिनिटांचा तास असतो. मागे पडलेले मूल आणि पुढे गेलेले मूल यांतून एकाकडेच जाता येणार असेल तर मी आधी मागच्याकडे जाईन. पण ‘आधी’ याचा अर्थ ‘फक्त’ असा नाही. काल न येणारे काहीतरी आज आले पाहिजे, हा हक्क दोघांचाही आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातही अभ्यासक्रमाने मुलाच्या अंगच्या क्षमता आणि गुण वाढवावेत असे म्हटले आहे. पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक हेही त्याच कायद्याने घालून दिले आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर विशेष गुण असलेल्या मुलांसाठी वेगळी कलमेच आहेत. शाळेच्या, जिल्ह्याच्या पातळीवर विषयांची मंडळे असावीत, शिक्षकांना अशी मुले ओळखून वाढवण्याचे शिक्षण मिळावे, वगैरे. कागद उत्तम आहेत.

पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी काढली ती याच कामासाठी. बुद्धिमान मुले निवडायची आणि त्यांची बुद्धी समाजाच्या कामी येईल असे शिक्षण द्यायचे. निवडलेल्यांची वेगळी शाळा असावी का, यावर मतभेद होऊ शकतात, माझेही आहेत. पण निवड झाल्यावर करायचे काय, याचा विचार तिथे आधी झाला होता, आणि तो मला मोलाचा वाटतो.

निवडीवर तरी किती विश्वास ठेवावा? अमेरिकेत कॅलिफोर्नियात लुईस टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९२१पासून बुद्धिमापन चाचण्या घेऊन सुमारे दीड हजार मुले निवडली आणि पुढे आयुष्यभर त्यांचा मागोवा घेतला. त्यातली पुष्कळ चांगली शिकली, मानाने जगली. पण त्या चाचणीत न बसलेले दोन मुलगे होते, विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ. पहिल्याला १९५६ साली व दुसऱ्याला १९६८ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निवडलेल्या दीड हजारांपैकी एकालाही ते मिळाले नाही. थापटणे सारखेच, पण गोरोबाकाका सगळ्यांचे एकत्र ठेवणारे होते. त्यांनी कच्च्याला अंगणाबाहेर काढले नाही.

आणि जिथे थापटणे पोचतच नाही तिथले काय? ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांची सिग्नल शाळा आहे. सिग्नलला गाड्या थांबल्या की फुले, गजरे विकणारी मुले, त्यांतली बरीच पारधी कुटुंबांतली. ती शाळेत येईनात म्हणून शाळाच पुलाखाली आली, कंटेनरमध्ये. तिथली मुले पुढे दहावी उत्तीर्ण झाली. ही मुले हुशार नव्हती का? सुट्या पैशांचा हिशेब सिग्नल सुटायच्या आत तोंडी करणारे पोर गणितात कच्चे कसे असेल? त्याला विचारायला कुणी जात नव्हते, इतकेच.

गुण ओळखला म्हणजे सगळे झाले असेही नाही. कल्याणच्या गणपतराव जोशांची मुलगी यमुना, जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न झाले आणि ती आनंदीबाई झाली. पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांनी तिची बुद्धी ओळखली. मुलींनी शिकू नये अशा त्या काळात त्यांनी तिला शिकवलेच शिकवले. १८८६ साली ती अमेरिकेत डॉक्टर झाली. पण त्या शिकवण्यात मारहाण किती होती ते आनंदीबाईंनीच अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात लिहून ठेवले आहे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पुरी होण्याआधी, क्षयाने त्या गेल्या. गोपाळरावांनी जे केले ते दुसऱ्या कुणी केले नसते हे खरे आहे. त्यांनी ती बुद्धी आपली मानली हेही खरे आहे. आज हातात पुस्तक फेकून मारणारे पालक कमी असतील, पण सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास आणि रात्री सराव परीक्षा अशा दिवसात दहा वर्षांच्या पोराला जुंपणारे आपल्या प्रत्येक सोसायटीत आहेत. त्यातले काही गळ्यात माळ घातलेले आहेत. देवाने दिलेले आपण कमावलेले नसते, म्हणून त्याचा अहंकार मुलाने करू नये असे आपण त्याला सांगतो. मग तोच न्याय आईबापांना आणि शाळेच्या जाहिरातीला नको का? ती ठेव आहे. ठेव सांभाळायची असते, मिरवायची नसते आणि पिळायचीही नसते.

सांभाळायची कशी, हे मला ज्ञानोबामाऊलींच्या घरात दिसते. त्या चार भावंडांना कोणत्या शाळेने घेतले? पैठणला शुद्धिपत्र मागायला जावे लागले. शिकवले ते थोरल्या भावाने. नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. माऊलींचे वय त्या वेळी पंधरा-सोळा. एवढ्या वयात एवढे काम केलेल्या मुलाचा आपण काय केले असते? हत्तीवरून साखर वाटली असती. परंपरा सांगते की निवृत्तिनाथांनी ग्रंथ पाहिला आणि म्हटले, ही गीतेवरची टीका झाली, आता तुझे स्वतःचे सांग. त्यातून अनुभवामृत आले. ना फ्लेक्स, ना ‘आता थांब, बाकीच्यांचे होऊ दे’. पुढचे, याहून अवघड काम दिले, आणि ते दिले ते त्याला ओळखणाऱ्या माणसाने.

प्राथमिक शाळेत याचे रूप फार साधे असते. पुस्तकातली दहा उदाहरणे झाली असतील तर अकरावे असे घालायचे की जे सुटायला दोन दिवस लागतील. उत्तर चुकले तरी शाबासकी द्यायची, कारण तो पहिल्यांदाच झगडला आहे. एखादी मुलगी दुसरीत असून चौथीचे वाचते, तर भाषेच्या तासाला तिला चौथीच्या वर्गात बसू द्यावे आणि खेळायला तिच्या मैत्रिणींत सोडावे. शिक्षकाला स्वतःला येत नसेल तर येणाऱ्याकडे न्यावे, यात कमीपणा नाही. पंढरीच्या देवानेही नामदेवरायांना दुसऱ्याकडेच पाठवले होते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४पासून आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून. महिन्यातून एकदा चार मुलांना तिथे नेणाऱ्या शिक्षकाला कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही. आणि आपल्या भजनी मंडळांत निवृत्त अभियंते, बँकेतले हिशेबनीस, प्रयोगशाळेत आयुष्य काढलेले किती तरी लोक आहेत. काकड्यानंतर त्यांचा दिवस मोकळा असतो. जवळच्या पालिका शाळेत आठवड्यातून एक तास जाऊन ते विचारू शकतात, कुठले पोर तुम्हाला न आवरणारे प्रश्न विचारते? मुख्याध्यापक बहुधा एकदम नाव सांगतील.

आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथल्या वाटेने गेले की मृदंग शिकणाऱ्या पोरांचे हात ऐकू येतात. मृदंगाच्या वर्गात एखाद्याचा हात लवकर बसतो, गुरुजी ऐकतात आणि त्याला पुढचे बोल देतात. शेजारच्याचा अजून पहिलाच पाठ चालू असतो, त्याच्याजवळ गुरुजी जास्त वेळ बसतात. खोली एकच असते. संध्याकाळी हरिपाठाला दोघे एकाच रांगेत उभे राहतात.