रिकामी पुंगळी आणि भरणारा हात

गोळीचा दोष कोणाकडे जातो? ती झाडणाऱ्याकडे, विकणाऱ्याकडे, की काडतूस भरून ठेवणाऱ्याकडे? प्रश्न पुस्तकी वाटेल, पण थोडा धीर धरा.

अमेरिकेत पिस्तुलाची उडालेली काडतुसे घरीच पुन्हा भरण्याचा छंद पुष्कळांना आहे. गोळी सुटल्यावर पितळी पुंगळी शाबूत राहते. तीत नवी टोपी, मोजलेली दारू आणि शिशाची गोळी बसविली की काडतूस पुन्हा तयार. खर्च वाचतो आणि संध्याकाळही जाते. आपल्याकडे हा गुन्हा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनविण्याची यंत्रेसुद्धा धरली आहेत. परवान्याशिवाय काडतूस बनविणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीपासून किमान सात वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप. पण कायद्याने मनाई आहे म्हणून एखादी गोष्ट न करणे हे झाले भय. शील त्याहून वेगळे आहे.

अंगुत्तर निकायातील वणिज्ज सुत्तात उपासकाने न करावयाचे पाच व्यापार सांगितले आहेत. त्यांत शस्त्रांचा व्यापार पहिला. आता खडकीकडे पाहा. तेथील दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे. लष्करी डेपोच्या देहू रोडला तर २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. अशा कारखान्यांच्या पगारावर कितीतरी घरांतली पहिली मुले शिकली. या कामगारांना शस्त्रव्यापारी म्हणायचे काय? मी म्हणणार नाही. व्यापाऱ्याचा नफा मरणाच्या मागणीबरोबर वाढतो, लढाई लांबली तर तो खूश. कामगाराला पगार मिळतो, आणि किती काडतुसे, कोणासाठी, हे तो ठरवीत नाही. तरी त्याचा हात अगदी कोरा आहे असेही मला म्हणवत नाही. ज्याला दुसरे काम मिळू शकते आणि ज्याला मिळत नाही, त्या दोघांना एकाच मापाने मोजता येत नाही, एवढेच.

घरी काडतूस भरणारा छांदिष्ट तर काहीच विकत नाही. म्हणजे व्यापाराच्या कसोटीतून तो सुटला! त्याची बाजू मांडणारे आणखी म्हणतात की या कामात मन कसे एकाग्र होते, रतीचाही फरक चालत नाही, हे एक प्रकारचे ध्यानच. असेल. पण बगळाही एका पायावर एकाग्र उभा असतो. आमच्या मार्गात स्मृतीच्या आधी ‘सम्यक’ हा शब्द आहे, तो शोभेसाठी लावलेला नाही. निशाणा कागदाचा असेल तर माझी तक्रार नाही. आमच्या पनवेललाच सुमा शिरूर यांच्या ‘लक्ष्य’ क्लबात मुले हवेच्या बंदुकीवर नेम शिकतात. त्या बंदुकीत दारू नसतेच.

कोकणातला शेतकरी घ्या. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर त्याच्याकडे ठासणीची बंदूक असते. तिचा प्रत्येक बार हातानेच भरावा लागतो: नळीत दारू, वर छर्रे, मागे केप. म्हणजे हाताने भरणे हाच दोष मानला तर हा गरीब माणूस पहिला दोषी ठरेल. पण रात्री भातात रानडुक्कर शिरले तर त्याने काय करावे? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही, असे ते सांगतात. शेतकरी गरजेच्या बाजूला बसतो. मात्र पीक निघाल्यावरही बंदूक घेऊन जंगलात शिरणारा बसत नाही.

आता खरा अवघड भाग. २००६ साली खैरलांजी घडले. तेव्हापासून वस्तीतला तरुण विचारतो की, गुरुजी, आम्ही हात बांधून बसायचे काय? त्याला अहिंसेचे प्रवचन देणे मला लाजिरवाणे वाटते. अत्याचार प्रतिबंधाच्या १९९५ च्या नियमांतील तिसरा नियम त्याने वाचावा. अत्याचारप्रवण भागात गरज पडल्यास दलित-आदिवासींना शस्त्रपरवाने द्यावेत, इतरांचे रद्द करावेत आणि बेकायदा शस्त्रनिर्मिती बंद पाडावी, असे त्यात आहे. संरक्षणाची गरज राज्यानेच मान्य केली आहे. ती मागणे हा हक्क आहे, त्यात संकोच नको.

परंतु परवान्यावर घेतलेल्या काडतुसाची नोंद असते. किती घेतली, किती उडाली, हे कोणीतरी विचारू शकतो. घराच्या माळ्यावर भरलेल्या काडतुसाला साक्षीदार नाही. गरज मोजता येते: एवढी माणसे, एवढ्या रात्री, एवढा धोका. भरणाऱ्या हाताला मात्र पुरे कधी म्हणायचे हे कोण सांगणार? पन्नास झाली की शंभराची इच्छा होते, आणि मग धोका नसला तरी तो शोधला जातो. गरज कुठे संपली आणि इच्छा कुठे सुरू झाली, हे त्या माणसाला स्वतःलाही कळत नाही. म्हणून मी परवाना मागणाऱ्या तरुणाच्या अर्जावर सही करीन, माळ्यावर भरणाऱ्याच्या घरी चहाही घेणार नाही.

खडकी, देहू रोड, वरणगाव येथील कारखान्यांत आयुष्य काढलेले वाचक या पाक्षिकाला असतीलच. कामगार आणि व्यापारी यांत मी केलेला भेद त्यांना पटतो का, त्यांनी कळवावे.