हौसेचे कष्ट

मध्य इटलीतील उंब्रिया प्रांतात, टेकडीवर वसलेल्या स्पोलेतो नगरातून आम्ही दोघे भाऊ एका सकाळी भाड्याच्या सायकलींवरून असिसीकडे निघालो, तेव्हा आमच्या बॅगा एका मोटारीत भरल्या जात होत्या. तिकडे तशी सोय असते. प्रवासी सायकलने जातो आणि त्याचे सामान मोटारीने पुढच्या मुक्कामी त्याच्या आधी पोहोचते. रोमला उच्च शिक्षणासाठी गेलेला आमचा भाचा धर्मगुरू आहे. त्यानेच हा बेत आखला होता आणि तोही आमच्यासोबत होता. मोटारीचे दार लागले तेव्हा आमच्यातील धाकटा सहज बोलून गेला, “बाबांनी हे पाहिले असते तर काय म्हणाले असते?” प्रश्न हसत हसतच विचारला होता, परंतु पुढचे दोन दिवस त्याने आमची पाठ सोडली नाही.

आमचे वडील वसईचे शेतकरी. त्यांच्या घरी सायकल हौसेने आली नव्हती. कॅरिअरवर केळीच्या पानांचे भारे आणि दोन्ही बाजूंना भाजीच्या टोपल्या बांधून ते पहाटेच्या अंधारात वसई रोड स्थानक गाठीत व तेथून लोकलने दादरचा बाजार. पावसाळ्यात पायडल मारण्याजोगा रस्ता उरत नसे. भरलेली सायकल चिखलातून ढकलीत न्यावी लागे. भार एका अंगाला कलला की सगळा माल पाण्यात. पंचवीस-तीस वर्षे हे चालले. पुढे गावात टेम्पो आला, माल त्यातून जाऊ लागला आणि वडिलांनी सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली. त्यानंतर ते त्या सायकलवर कधीही बसले नाहीत. चर्चला जायचे झाले तरी पायी जात.

येथे आमच्या मनातील एक सल सांगणे भाग आहे. शाळेत असताना एखाद्या दिवशी बाजारातून परतताना ते आम्हाला सायकलवर घेत आणि शाळेपर्यंत सोडीत. त्या सायकलला भाजीचा वास येई. वर्गात नोकरदारांची मुले होती. आम्ही काहीतरी निमित्त काढून फाटकाच्या अलीकडेच उतरत असू. वडिलांच्या ते ध्यानात आले होते. त्यांनी कधी बोलून दाखविले नाही. मात्र पुढे पुढे शाळेच्या आधीच्या वळणावर ते स्वतःच ब्रेक लावू लागले.

ज्या वाहनाची आम्हाला लाज वाटली, तेच वाहन चालविण्यासाठी आम्ही साठीच्या उंबरठ्यावर एवढा खर्च करून परदेशी आलो होतो. म्हणून प्रश्न असा पडला : पोटासाठी केलेले कष्ट आणि हौसेखातर केलेले कष्ट यांना एकच शब्द लावावा काय? घाम तोच, धाप तीच, मांड्यांतली ठणकही तीच. मग फरक कशात? आणि ज्याने आयुष्यभर निरुपायाने घाम गाळला, त्याच्या डोळ्यांदेखत कोणी पैसे मोजून घाम विकत घेतला, तर तो त्याचा सन्मान की थट्टा?

स्पोलेतो ते असिसी हा सायकलमार्ग सुमारे ५० किलोमीटरांचा आहे आणि बहुतेक सपाट आहे. ओढ्या-नद्यांच्या बांधावरून तो जातो. उजव्या हाताला डोंगराची रांग, तिच्या अंगावर त्रेवी, स्पेल्लो अशी दगडी गावे आणि गावांच्या खाली मैलोगणती जैतुनाची झाडे. थोडी वाकडी वाट करून आम्ही क्लितुन्नोच्या झऱ्यांपाशी पाणी प्यायलो. देखणा मुलूख आहे. चित्रकाराने रंगविला असावा असे वाटते, आणि तेथेच आपली फसगत होते. डोंगरउतारावर दगडी बांध घालून जैतून जगविणारे हात चित्रकाराचे नव्हते. या उतारांना संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१८ साली जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली, ते योग्यच झाले. परंतु मध्य इटलीतील ही शेती पिढ्यान्‌पिढ्या अर्ध्या वाट्याने केली जात असे. घर जमीनदाराचे, जमीन जमीनदाराची, राबणारे कुटुंब कुळाचे आणि पीक निम्मे-निम्मे. असे नवे करार करण्यास इटलीच्या कायद्याने १९६४ साली बंदी घातली. ज्यांनी कूळकायद्याच्या आधीचा काळ आजोबांच्या तोंडून ऐकला आहे, त्यांना याचा अर्थ उलगडून सांगायला नको. आज त्या कुळांची कित्येक दगडी घरे पाहुण्यांसाठी सजविलेली आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी अशाच एका घराच्या ओसरीवर बसून आम्ही पाव आणि जैतुनाचे तेल खाल्ले. फार चविष्ट होते, हे कबूल करायला हवे.

इटलीला सायकलची ही दुसरी बाजू ठाऊक नाही असे मात्र कोणी समजू नये. १९४८ साली व्हित्तोरिओ दे सिका यांनी ‘बायसिकल थीव्ज’ हा चित्रपट काढला. युद्धानंतरच्या रोममध्ये एका बेकाराला भिंतीवर जाहिराती चिकटविण्याचे काम मिळते. अट एकच, सायकल हवी. ती गहाण पडलेली. बायको पलंगावरच्या चादरी गहाण ठेवून ती सोडवून आणते आणि पहिल्याच दिवशी ती चोरीस जाते. शेवटी तो स्वतः एक सायकल चोरू पाहतो, पकडला जातो आणि त्याचा लहान मुलगा ते सारे पाहत असतो. बापाची मानहानी पाहणारा मुलगा! आम्ही हा चित्रपट तरुणपणी एका फिल्म सोसायटीत पाहिला होता. पाहून परतताना आम्ही दोघे एकमेकांशी बोललो नव्हतो.

पहिल्या दिवसाचा मुक्काम बेवान्या या जुन्या गावी होता. तेथे रात्री जेवणावर आम्ही भाच्यापुढे प्रश्न मांडला. तो म्हणाला, “मामा, आपली ख्रिस्तसभा तर स्वेच्छेने पत्करलेल्या कष्टांना मानते. प्रायश्चित्तकाळातले उपवास काय, अनवाणी यात्रा काय, कोणी लादलेल्या असतात?” बरोबर आहे. परंतु उपवासाला अर्थ येतो तो घरात अन्न असते म्हणून. ज्याच्या घरी चूल पेटली नाही त्याच्या न जेवण्याला कोणी उपवास म्हणत नाही. म्हणजे हौसेच्या कष्टांत एक गोष्ट आधीपासून गृहीत असते : वाटेल तेव्हा थांबण्याची मुभा. आमच्या खिशात पैसे होते. पाय दुखले असते तर आम्ही आगगाडीने असिसी गाठली असती. वडिलांना दादरचा बाजार थांबवता येत नव्हता.

त्यावर भाच्याने जीनो बार्ताली यांचे नाव काढले. फ्लॉरेन्सजवळच्या एका मजुराचा हा मुलगा. १९३८ आणि १९४८ अशी दहा वर्षांच्या अंतराने दोनदा ‘टूर दी फ्रान्स’ ही स्पर्धा त्याने जिंकली. मध्ये युद्धाने सारे गिळले. बार्ताली भाविक होते, कार्मेल संघाचे प्रापंचिक सदस्य होते. १९४३ मध्ये जर्मन सैन्याने इटलीचा ताबा घेतल्यावर ज्यूंची धरपकड सुरू झाली. असिसीचे बिशप निकोलिनी यांच्या आश्रयाखाली मठांमठांतून ज्यू कुटुंबे लपली होती आणि गावातला मुद्रक लुईजी ब्रिझी त्यांच्यासाठी खोटी ओळखपत्रे छापीत होता. फ्लॉरेन्सचे कार्डिनल दाल्ला कोस्ता यांच्या सांगण्यावरून बार्ताली अशी कागदपत्रे सायकलमध्ये दडवून पोहोचवीत. चौकीवरच्या शिपायांना वाटे, विजेता सराव करीत आहे. जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेने २०१३ साली त्यांना मरणोत्तर ‘राष्ट्रांतील नीतिमान’ म्हणून गौरविले. हयातीत त्यांनी या कामाचा डंका पिटला नाही. २००० साली ते वारले.

हे ऐकून आमचा युक्तिवाद थोडा डळमळला. येथे सराव हे हौसेचे कष्ट म्हणावेत तर तेच इतरांच्या प्राणरक्षणाचे आवरण झाले होते. सायकलस्वार तोच, सायकल तीच. ओझे मात्र दुसऱ्याचे. मग वडिलांचे तरी काय? त्यांचे कष्ट संपूर्ण निरुपायाचे होते असे आम्ही मानीत आलो, तेही खरे नसावे. आमच्या वयाची पुष्कळ मुले शाळा सोडून टोपल्या वाहायला लागली होती. आम्हालाही लावता आले असते. तेवढाच भार हलका झाला असता. त्यांनी ते केले नाही. निरुपायाच्या आतही त्यांनी एक निवड केली होती आणि तिची किंमत स्वतःच्या पाठीने मोजली होती. ही गोष्ट इतक्या वर्षांत आमच्या लक्षात येऊ नये, याचे आम्हाला त्या रात्री नवल वाटले. नवल हा शब्द सौम्य झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कन्नारा लागले. हे गाव कांद्यासाठी प्रसिद्ध आहे. भाजीवाल्याची मुले आम्ही. शेताच्या कडेला उतरून माती हातात घेतल्याशिवाय राहवले नाही. बेवान्या आणि कन्नारा यांच्या दरम्यान, पियानदार्का नावाच्या शेतात, संत फ्रान्सिस असिसीकर यांनी पाखरांना प्रवचन केले अशी परंपरा आहे. ती कथा सर्वांना माहीत आहे. आमच्या मनात मात्र उजवीकडे दिसणाऱ्या फोलिन्यो शहराची गोष्ट घोळत होती. तरुण फ्रान्सिस बापाच्या दुकानातील भारी कापड घोड्यावर लादून फोलिन्योच्या बाजारी गेला, कापड विकले, घोडाही विकला आणि पायी परत आला. ते पैसे सान दामियानोच्या पडक्या चर्चसाठी देऊ केले. तेथल्या धर्मगुरूने ते घेतले नाहीत. पुढे १२०६ च्या सुमारास बिशपसमोर खटला उभा राहिला, तेव्हा अंगावरचे कपडेही बापाच्या हाती देऊन तो उघड्याने निघून गेला.

पिएत्रो बेर्नार्दोने या व्यापाऱ्याला आमच्या प्रवचनांतून नेहमी खलनायकाची भूमिका मिळते. आम्हाला त्या दिवशी त्याची कणव आली. ते कापड त्याने आणले होते. दूर फ्रान्सपर्यंतच्या व्यापाराची यातायात त्यात होती. मुलाने गरिबी पत्करायची आणि तिची पहिली किंमत बापाने भरायची, यात त्याला अन्याय दिसला तर त्याचे फार चुकले काय? फ्रान्सिसची महती यामुळे उणावते असे आम्हाला वाटत नाही. उलट आम्हाला त्यात आमच्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर दिसते. त्याने घोडा विकला तो कायमचा विकला. आज पायी आणि उद्या पुन्हा घोड्यावर, असे त्याने ठेवले नाही. ज्या क्षणी परतीची वाट तोडली, त्या क्षणी त्याची निवडलेली गरिबी जन्मजात गरिबाच्या शेजारी बसण्यास पात्र झाली. आमचा घोडा मात्र सामान घेऊन पुढच्या मुक्कामी उभा होता.

याचा अर्थ हौसेने सायकल चालविणे पाप आहे असा नव्हे. इतके कठोर होण्याचे कारण नाही, आणि आम्हाला त्या दोन दिवसांत खरा आनंद झाला हे नाकारणे खोटेपणाचे होईल. आमची हरकत आहे ती त्या आनंदाला साधेपणा म्हणण्याला. आपल्या बॅगा कोणीतरी उचलतो, आपली चादर कोणीतरी बदलतो आणि आपण मात्र किती कमी गरजांत जगतो याचे कौतुक करीत राहतो, हे बरे नव्हे. निवडलेल्या कष्टांवर लादलेल्या कष्टांचे काही देणे असते. ते कसे फेडावे हे प्रत्येकाने पाहावे. पण निदान नाकारू तरी नये.

असिसीखालच्या मैदानात सांता मारिया देल्यी आंजेली हे भव्य मंदिर आहे. तेथून नगरापर्यंत सुमारे दोनशे मीटरांची चढण. विजेवर चालणाऱ्या सायकलींवरून काही वयस्क प्रवासी आम्हाला हात करीत सहज पुढे गेले. आमच्यातील थोरल्याला निम्म्यावर उतरावे लागले आणि मग धाकटाही उतरला. दोघांनी सायकली ढकलीत नेल्या. एक हात हँडलवर, दुसरा सीटवर आणि अंग पुढे झुकलेले. ही ढब आम्ही कोणाकडून शिकलो होतो हे एकमेकांना सांगण्याची गरज पडली नाही.

नगरात, फ्रान्सिसचे जन्मघर मानल्या जाणाऱ्या जागेवर १६१५ साली बांधलेले ‘नवे चर्च’ आहे. आत ती कोंदट जागा दाखवितात, जेथे बापाने मुलाला कोंडून ठेवले होते असे सांगतात. बाहेर आईबापांचे पुतळे आहेत. आईच्या हातात तुटलेली साखळी आहे. तिनेच त्याला सोडविले. यात्रेकरू आईपुढे उभे राहून छायाचित्रे काढतात. आम्ही बापाच्या बाजूला थोडा वेळ उभे राहिलो. भाच्याने दुसऱ्या दिवशी तेथेच आमच्या वडिलांच्या नावे मिस्सा अर्पण केला.

घरी परतल्यावर थोरल्याच्या मुलाने विचारले की सुटीत मित्रांबरोबर कोकणकिनाऱ्याने गोव्यापर्यंत सायकलने जाऊ का. त्यांच्यामागून सामानाची गाडी येणार होती. आम्ही जा म्हणालो. सामान मात्र स्वतःच्या कॅरिअरवर बांधून ने, एवढे सांगितले आणि भार दोन्ही बाजूंना सारखा कसा बांधायचा ते गोठ्यातल्या सायकलवर त्याला दाखविले.